घंटा वाजली की हातातलं सोडा: बेनेडिक्टाइन नन्सच्या मठात चार दिवस कसे राहावेत

फ्रँकफर्टकडची मराठी मंडळी भारतातून पाहुणे आले की त्यांना हमखास रुडेसहाइमला नेतात. ऱ्हाईनमधून बोटीची फेरी, रोपवे, द्राक्षमळ्यांतले फोटो आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या फोटोंमध्ये मागे, मळ्यांच्या वर, दोन मनोऱ्यांची एक मोठी दगडी इमारत असते. पुष्कळांना तो किल्ला वाटतो. ती आहे आयबिंगेनची सेंट हिल्डेगार्ड अ‍ॅबी, बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्सचा मठ. तिथे पाहुण्यांना राहता येतं. ख्रिस्ती असण्याची अट नाही. मात्र कसं राहायचं हे आधी कुणी सांगितलं नाही, तर पहिले दोन दिवस चाचपडण्यात जातात. माझे गेले. म्हणून हा वाटाड्या.

आधी एक गोष्ट नीट कळायला हवी. आपल्याकडे ‘नन’ म्हटलं की कॉन्व्हेंट शाळेतली नाहीतर मिशन हॉस्पिटलमधली सिस्टर डोळ्यांपुढे येते. त्या सिस्टर बाहेर पडून काम करतात, बदली झाली की दुसऱ्या गावी जातात. बेनेडिक्टाइन नन ज्या मठात शपथ घेते, त्याच मठात सहसा मरते. तिच्या शपथेतला पहिलाच शब्द ‘स्थैर्य’ आहे. जुन्या गोव्यात १६०६ साली सुरू झालेलं सांता मोनिका हे नन्सचं कॉन्व्हेंटही असंच बंदिस्त राहणीचं होतं, पण ते ऑगस्टिनियन पंथाचं, तिथले नियम वेगळे.

बेनेडिक्टाइनांचा नियम म्हणजे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेली ७३ छोट्या प्रकरणांची पुस्तिका. तिचं भाषांतर मिळवून जाण्याआधी वाचा, दोन बैठकांत संपते. वाचलीत तर आणखी एक गंमत कळेल: या पंथाचं ब्रीद म्हणून जगभर छापलं जाणारं ‘ओरा एत लाबोरा’, म्हणजे प्रार्थना करा आणि काम करा, हे वाक्य त्या पुस्तिकेत कुठेच नाही. ते पुष्कळ नंतरचं आहे. पुस्तिकेत जे आहे ते जास्त कडक आहे. प्रकरण ४३ सांगतं की प्रार्थनेची घंटा ऐकू आली की हातात असेल ते टाकून यायचं, कारण ‘देवाच्या कामा’पुढे दुसरं काही ठेवायचं नाही. मठात राहणं म्हणजे काय, याचं उत्तर मला तरी या एका सूचनेत मिळालं. शांतता, साधेपणा या गोष्टी त्यामागून येतात.

मठ कोणता निवडावा

या लेखात मी आयबिंगेन धरून चालतो, कारण जर्मनीतल्या मराठी माणसाला ते सोपं आहे आणि त्याला इतिहासही दांडगा आहे. इंग्लंडमध्ये असाल तर स्टॅनब्रूक अ‍ॅबी पाहा. तिथल्या नन्स २००९ साली वुस्टरशायर सोडून यॉर्कशायरमधल्या वॉस या खेड्यात गेल्या. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या बेथलहेम गावी १९४७ साली स्थापन झालेलं रेजिना लाउडिस आहे, तिथे शेती, गाई आणि चीज. भारतात बंगळुरूला शांती निलयम आहे. दिनक्रमाचा सांगाडा सगळीकडे एकच, वेळा आणि भाषा वेगळ्या.

आयबिंगेनची कथा थोडक्यात. हिल्डेगार्ड या बाई १०९८ साली जन्मल्या. मठाध्यक्षा, संगीतकार, औषधी वनस्पतींच्या जाणकार, आणि पोप-सम्राटांना खरमरीत पत्रं लिहिणाऱ्या. ऱ्हाईनपलीकडे बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्गला त्यांचा पहिला मठ. ११६५ मध्ये त्यांनी अलीकडच्या काठावर आयबिंगेनला दुसरा काढला. हे दोन्ही मठ आज नाहीत. आता दिसते ती वरची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९०४ मध्ये प्रागच्या सेंट गॅब्रिएल मठातून बारा नन्स इथे राहायला आल्या. १९४१ मध्ये नाझींनी नन्सना बाहेर काढलं, त्या १९४५ मध्ये परतल्या. हिल्डेगार्डना २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ‘चर्चच्या आचार्य’ ही पदवी दिली.

पत्र लिहिणं

थेट दारात जाऊ नका. मठाला अतिथीगृह असतं आणि ते सांभाळणारी एक नन असते. तिला ईमेल करा, शक्यतो दोन-तीन महिने आधी. ईस्टर आणि सप्टेंबरसाठी त्याहूनही आधी. पत्र छोटं ठेवा: तुम्ही कोण, किती रात्री, एकटे की जोडीने, कशासाठी यायचं आहे. ‘शांतपणे राहायचं आहे आणि प्रार्थनांना बसायचं आहे’ एवढं कारण पुरतं. हिंदू असाल, कुठल्याच धर्माचे नसाल, तरी तसं सरळ लिहा. त्याने कुणी नाराज होत नाही. उलट मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या, वेळी काय करायचं हे त्या आधीच समजावून ठेवतात.

जेवणाबद्दल इथेच सांगा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलंत तर अंडं आणि चीज येणार. मासेही नकोत, अंडंही नको, असं जे काही असेल ते फोडून लिहा. नियमाच्या ३९व्या प्रकरणात आजारी माणसं सोडून इतरांना चतुष्पाद प्राण्यांचं मांस वर्ज्य सांगितलंय, त्यामुळे बिनमांसाचं जेवण या घरांना नवं नाही. पण पाहुण्यांसाठी आज वेगळंही शिजतं, म्हणून गृहीत धरू नये.

किमान तीन रात्री मागा. एका रात्रीत फक्त वेळापत्रक कळतं.

पिशवी

कमी घ्या, कारण स्टेशनपासून मठापर्यंत चढ आहे. फ्रँकफर्टहून वीसबाडेनमार्गे प्रादेशिक गाडी तासा-सव्वातासात रुडेसहाइमला पोचवते, आणि तिथून मळ्यांमधून पायी वर जायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. चाकांची बॅग त्या वाटेवर रडवते.

कपडे साधे, गडद, खांदे आणि गुडघे झाकणारे. सलवार-कमीज अगदी चालतो. शाल मात्र घ्याच. दगडी चर्च मे महिन्यातही गार असतं. आणि बूट मऊ तळव्यांचे. माझे बूट पहिल्या रात्री फरशीवर कुईकुई करत होते, आणि त्या शांततेत मला तो आवाज मुंबईच्या लोकलच्या ब्रेकएवढा वाटला. दुसऱ्या दिवसापासून मी प्रार्थनेला पाच मिनिटं आधी जाऊन बसायला लागलो. ती सवय चांगलीच ठरली.

एक पुस्तक नक्की घ्या: मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता. का, ते पुढे.

दारात

घंटा वाजवून थांबा. दार उघडणाऱ्या ननला जर्मनीत ‘श्वेस्टर’ म्हणायचं, पुढे तिचं नाव. मठाध्यक्षा भेटल्या तर ‘मुटर एब्टिसिन’. हात पुढे त्यांनी केला तर मिळवा, नाहीतर किंचित मान लववून हसलं तरी छान. नियमाचं ५३वं प्रकरण म्हणतं की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आल्यासारखं करावं. ‘अतिथी देवो भव’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे पाहुण्याची सरबराई करताना घरचा दिनक्रम मोडत नाही. तुमची खोली दाखवता दाखवता घंटा झाली, तर श्वेस्टर वाक्य तिथेच आटोपते आणि निघते. राग मानू नका.

खोलीत वेळापत्रकाचा कागद असतो. तो आधी वाचा. मठाचा काही भाग फक्त नन्ससाठी असतो, तिथे पाटी असते. पाटी नसलेलं पण बंद असलेलं दारही उघडू नये.

प्रार्थना: इथे वेळ द्या

बेनेडिक्टांनी दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात गाऊन पुरी करायला सांगितली होती, आणि हिवाळ्यात उठायची वेळ दिली होती रात्रीचा आठवा तास, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण दोन. आजचे मठ इतके कठोर नाहीत, पण साखळी तीच. पहाटे लॉड्स, सकाळी तिसऱ्या तासाची छोटी प्रार्थना आणि मिस्सा, दुपारी बाराच्या सुमारास मध्यान्हीची, संध्याकाळी व्हेस्पर, रात्री कॉम्प्लाइन. व्हिजिल नावाची लांब रात्रप्रार्थना काही घरांत पहाटे, काही घरांत आदल्या रात्रीच उरकतात. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस बांधलेला असतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इथे देवाचा नाही, माणसांचा दिवस तसा बांधलेला आहे.

सगळ्याला जायचा हट्ट पहिल्या दिवशी करू नका. माझा सल्ला: पहिल्या दिवशी व्हेस्पर आणि कॉम्प्लाइन, दुसऱ्या दिवशी लॉड्सची भर, तिसऱ्या दिवशी सगळं.

चर्चमध्ये नन्स वेदीजवळच्या आपल्या आसनांवर समोरासमोर दोन बाजूंना बसतात, पाहुणे मुख्य दालनात. सुरुवातीला सगळ्या उभ्या राहून क्रूसाची खूण करतात आणि ‘देवा, माझ्या मदतीला धावून ये’ अशा अर्थाची ओळ गातात. मग स्तोत्रं. एक ओळ एका बाजूने, पुढची दुसऱ्या बाजूने. भजनात समोरासमोर उभ्या राहिलेल्या वारकऱ्यांच्या दोन रांगा अभंगाचं चरण वाटून घेतात, तसंच हे. पण टाळ नाही, मृदंग नाही, ठेका नाही. आयबिंगेनला ग्रेगोरियन गायन लॅटिनमध्ये चालतं; एकच सूर, साथीविना. तालाची सवय असलेल्या कानाला पहिले दहा मिनिटं हे रिकामं वाटतं. मग कान एका वेगळ्या गोष्टीवर जातो: प्रत्येक ओळीच्या मधोमध एक पूर्ण थांबा असतो. सगळ्या श्वास घेतात. ओळ संपल्यावर मात्र थांबा नाही, समोरची बाजू लगेच उचलते. आपण नेमकं उलटं करतो, म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणायला गेलात तर हमखास चुकता. पहिला दिवस फक्त ऐका.

स्तोत्र संपताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं स्तवन येतं, तेव्हा सगळ्या कमरेत वाकतात. तुम्हाला वाकायचं नसेल तर नुसतं उभं राहा; पण सगळे उभे असताना बसून राहू नका. कधी उठायचं, कधी बसायचं यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसावं आणि पुढच्या म्हाताऱ्या जर्मन आजींकडे बघावं. त्यांना सगळं पाठ असतं.

आता ती स्तोत्रसंहिता. पुस्तिकेत लॅटिन आणि जर्मन असतं, तुम्ही शोधणार मराठी. आकडा जुळत नाही. कारण जुन्या लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलं आहे, म्हणून तिथून पुढे बराच काळ लॅटिन क्रमांक एकाने मागे असतो. मराठी बायबलातलं मेंढपाळाचं २३वं स्तोत्र लॅटिनमध्ये २२वं. कॉम्प्लाइनला मराठीतली ४, ९१ आणि १३४ ही तीन स्तोत्रं अनेक मठांत रोज रात्री तीच असतात. खुणेचा धागा घालून ठेवा. तिसऱ्या रात्रीपर्यंत अंधारातही ती चालतात.

मिस्साच्या वेळी प्रसादाच्या रांगेत कॅथलिक नसलेल्यांनी जायचं नाही. इथे ‘सगळे गेले म्हणून मीही गेलो’ करू नका. देवळातला तीर्थप्रसाद आणि हे यांत फरक आहे. जागेवर शांत बसलात तर कुणी वळूनही पाहत नाही.

या गाण्याचं मोल काय, ते हिल्डेगार्डच्या अखेरच्या वर्षांतून कळतं. ११७८ मध्ये त्यांच्या मठाने बहिष्कृत ठरलेल्या एका सरदाराचं दफन आपल्या आवारात केलं, म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी मठावर बंदी घातली. प्रार्थना करा, पण दारं लावून, हलक्या आवाजात, वाचून. गायचं नाही. ऐंशीच्या घरातल्या हिल्डेगार्डनी त्यावर लांबलचक पत्र लिहून सुनावलं की देवाचं गाणं बंद पाडणाऱ्यांनी स्वतःच्या परलोकाची काळजी करावी. दुसऱ्या वर्षी बंदी उठली आणि त्याच वर्षी, ११७९ मध्ये, १७ सप्टेंबरला त्या गेल्या.

जेवण

नन्स आपल्या भोजनगृहात गप्प जेवतात आणि एकजण मोठ्याने वाचत असते. धर्मग्रंथच असं नाही, चरित्र किंवा इतिहासही असतो. मीठ हवं असेल तर खूण. बहुतेक नन्सच्या मठांत पाहुणे अतिथीगृहातच वेगळे जेवतात, तिथे बोलायला हरकत नसते. कधी एखादं जेवण मौनात असतं, तेव्हा टेबलावर तशी सूचना दिसते. मौनातल्या जेवणाचा एक नियम: आपल्या ताटापेक्षा शेजाऱ्याच्या ताटाकडे लक्ष. पंगतीत वाढप्याला हाक मारायची सवय इथे उपयोगाची नाही.

पाव बहुधा डिंकेलचा असेल. हे जुनं धान्य आपल्या खपली गव्हाच्या भावकीतलं; हिल्डेगार्डना ते फार प्रिय होतं आणि मठाच्या दुकानात त्याचे बिस्किटांपासून पिठापर्यंत सगळे प्रकार मिळतात. वाइनही मठाच्या स्वतःच्या मळ्यातली, बहुतांश रीस्लिंग. बेनेडिक्टांनी वाइनवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय आणि त्यात कुरकुर केलीय: खरं तर संन्याशांनी पिऊच नये, पण आजकालच्यांना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान मोजकी प्यावी.

काम, आणि अर्धं सोडणं

अतिथीगृहाच्या श्वेस्टरला ‘काही मदत करू का’ असं एकदा विचारा. भाजी निवडणं, पालापाचोळा झाडणं, हंगामात मळ्यात हात लावणं. असलं काही मिळेल, किंवा ‘विश्रांती घ्या’ असं उत्तर येईल. दुसऱ्यांदा विचारू नका.

काम मिळालं तर खरी परीक्षा सुरू होते. समजा तुम्ही बटाटे सोलताय, सहा उरलेत. घंटा होते. आपलं मन म्हणतं, एवढे संपवून जाऊ. शेजारची श्वेस्टर सुरी खाली ठेवते, हात पुसते, जाते. सहा बटाटे तिथेच. मला हे सगळ्यात जड गेलं. आपण ‘हातासरशी उरकून टाकू’ या संस्कारात वाढलो. ऑफिसातही ‘हे एक मेल टाकतो आणि येतो’. इथे ते ‘हे एक’ चालत नाही, कारण काम तुमचं नाहीच. परत आल्यावर ते तिथेच असतं, किंवा दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. सुरी मात्र धुऊन जागेवर ठेवायची. मठाची अवजारं वेदीवरच्या पात्रांसारखी मानावीत, असं ३१वं प्रकरण कोठीच्या प्रमुखाला बजावतं.

अर्धं सोडून सोडूनही केवढं काम होतं, त्याचा एक दाखला. हिल्डेगार्डच्या ‘स्कीव्हियास’ या दर्शनग्रंथाची बाराव्या शतकातली सचित्र हस्तलिखित प्रत होती. आयबिंगेनच्या नन्सनी १९२७ ते १९३३ या काळात चर्मपत्रावर, हाताने, चित्रांसकट तिची नक्कल उतरवली. रोज काही वेळा घंटेला कुंचला खाली ठेवत. मूळ प्रत युद्धात सुरक्षित राहावी म्हणून ड्रेस्डेनला हलवली होती, ती १९४५ मध्ये नाहीशी झाली. आज त्या चित्रांचे रंग आपल्याला दिसतात ते या नकलेमुळे.

मौन आणि वाचन

कॉम्प्लाइननंतर सकाळपर्यंत मोठं मौन. जिन्यावर भेटलेल्याला ‘गुड नाइट’ही नको, मान हलवा. फोन बंद करून बॅगेच्या तळाशी. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई ‘पोचलास का, जेवलास का’ विचारत राहील आणि तुम्ही अंथरुणात चोरून उत्तरं देत राहाल.

दिवसा नन्स ज्याला लेक्त्सिओ दिविना म्हणतात, त्याचा प्रयत्न करा. अर्धा तास, एकच परिच्छेद. आधी वाचणं, मग एखादा शब्द घोळवणं, मग त्यातून प्रार्थना, मग नुसतं बसणं. या चार पायऱ्या बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने मांडल्या. आपल्याकडच्या श्रवण-मनन-निदिध्यासनाची आठवण येईल. ज्ञानेश्वरीची चार पानं घेऊन बसलात तरी इथे कुणी आक्षेप घेणार नाही. पण पारायणाचा वेग नको.

काय विचारावं, काय नाही

श्वेस्टरशी गप्पा होतात. नन्सचाही रोज बोलण्याचा ठरावीक वेळ असतो आणि त्या भरपूर हसतात. ‘घरची आठवण येत नाही का’, ‘लग्न का नाही केलंत’ हे प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलेले असतात. त्यापेक्षा ‘या मठात पाऊल कसं पडलं’ विचारा, उत्तर लांब आणि रंगतदार मिळतं.

नन होण्याचा रस्ता किती लांब आहे हे ठाऊक असलं तर प्रश्नही शहाणे होतात. व्हॅटिकनच्या २०१८च्या नियमांनुसार चाचपणीचं एक वर्ष, उमेदवारीचं एक, नवदीक्षेची दोन आणि तात्पुरत्या शपथेची पाच, अशी निदान नऊ वर्षं गेल्यावर कायमची शपथ. बेनेडिक्टांच्या काळी एक वर्ष होतं, पण त्या वर्षात अख्खा नियम तीनदा वाचून दाखवायचा आणि दरवेळी सांगायचं: पाळता येत असेल तर आत ये, नसेल तर खुशाल जा. शपथेच्या दिवशी ती नवी नन स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद वेदीवर ठेवते आणि ‘प्रभू, मला स्वीकार’ ही ओळ तीनदा गाते. वस्तू कुठलीच स्वतःची नाही. मठाध्यक्षा मतदानाने निवडतात. महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्यांना बोलावून सल्ला घ्यायचा, कारण योग्य गोष्ट पुष्कळदा देव धाकटीलाच सुचवतो, असं तिसरं प्रकरण सांगतं. आपल्या किती घरांत धाकट्या सुनेला असं विचारतात, हा विचार मनात आला, तो मी तिथे बोललो नाही.

कधी जावं

१७ सप्टेंबरला हिल्डेगार्डचा सण. खालच्या आयबिंगेन गावातल्या चर्चमध्ये त्यांचे अवशेष सोनेरी पेटीत आहेत. त्या दिवशी ती पेटी मिरवत गावातून नेतात. पालखी पाहत वाढलेल्याला बघण्यासारखं आहे, पण गर्दी असते. १० फेब्रुवारीला बेनेडिक्टांच्या बहिणीचा, संत स्कोलास्टिकांचा दिवस, तेव्हा पाहुणे मोजके. ईस्टरआधीचा उपवासकाळ सगळ्यात शांत. त्याच्या सुरुवातीला प्रत्येक ननला एक पुस्तक दिलं जातं, ते पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायचं, अशी नियमातली रीत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने माझ्या मते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरावा. धुकं, बोडके मळे, बोटवाले गायब.

निघताना

चादर-अभ्रे काढून घडी करून ठेवा, खोली झाडा, खिडकी लावा. राहण्या-जेवणाची रक्कम आधी कळवलेली असते. त्यावर थोडं जास्त ठेवणं योग्य. भेट न्यायची तर मिठाईचा डबा सगळ्यांसाठी, एकीसाठी वेगळी वस्तू नको, कारण ती तिला ठेवता येत नाही. चकली चालते. मी नेली होती, आणि तिखट आहे हे सांगायला विसरलो होतो.

व्हेस्पर ऐकून निघायचं असेल तर त्यानंतरची गाडी आधीच बघून ठेवा. उतार असला तरी स्टेशनपर्यंत अर्धा तास धरा, आणि खालच्या चर्चमध्ये ती पेटी पाहायला थांबणार असाल तर आणखी पंधरा मिनिटं.